काटकसर, कंजुषी आणि डॉक्टर रोझे

माझ्या भाचीची मुलगी अमेरिकेत शिकायला जायच्या तयारीला लागली आहे. परवा तिचा फोन आला. "मामाआजोबा, तुम्ही शाळेत इंग्रजी शिकवायचात ना? मला रोज तीस शब्द पाठ करायचेत, समानार्थी-विरुद्धार्थीसकट. काही युक्ती सांगा ना." मी तिला काहीबाही सांगितलं, वही कर, वाक्यात वापर वगैरे. फोन ठेवल्यावर हिने स्वयंपाकघरातून विचारलं, "त्या शेंगांची गोष्ट सांगितलीत का तिला?" नव्हती सांगितली. फोनवर ती सांगताही आली नसती. म्हणून इथे लिहितो आहे. ती वाचेलच, आणि नेहमीची मंडळीही वाचतील.

आधी माझ्या इंग्रजीबद्दल. माझं बी.ए. मराठी माध्यमातून झालं. १९७४ साली एका तालुक्याच्या गावी हायस्कुलात लागलो तो मराठी आणि इतिहास शिकवायला. दोन वर्षांत इंग्रजीचे सर बदली घेऊन गेले आणि हेडमास्तरांनी आठवी-नववीचं इंग्रजी माझ्या गळ्यात घातलं. भांडवल काय, तर तर्खडकरांच्या भाषांतर पाठमाला, वीरकरांची डिक्शनरी, आणि वाचनालयात येणारं रीडर्स डायजेस्ट. त्यात शब्दसंपत्ती वाढवणारं एक सदर असे. विल्फ्रेड फंक नावाच्या गृहस्थांनी ते १९४५ साली सुरू केलं होतं. वीस शब्द, प्रत्येकाला चार पर्याय, आणि शेवटी किती बरोबर आले त्यावरून तुमची लायकी. मी ते सदर पोटभर सोडवत असे. पुढे पुण्याला अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांच्या ढिगात नॉर्मन लुईस यांचं 'वर्ड पॉवर मेड ईझी' मिळालं. हे पुस्तक १९४९चं, पण आजही रस्त्यावर प्रत्येक ढिगात सापडतं. त्याच ढिगात एक कव्हर फाटलेलं, बारीक टायपाचं पुस्तक होतं. अकारविल्हे शब्द, आणि प्रत्येक शब्दापुढे त्याच अर्थाच्या शब्दांची रांग. वर नाव 'रोगेट्स थिसॉरस'. (रोगेट नव्हे, रोझे, हे मला फार उशिरा कळलं. तोवर निदान पंधरा वर्षं मुलांना रोगेटच सांगत आलो होतो.) अडीच रुपयांना दोन्ही पुस्तकं घेतली आणि एस.टी.त बसल्या बसल्या वाचायला सुरुवात केली.

त्या पुस्तकाची मला नशा चढली, हे कबूल केलं पाहिजे. एका शब्दाला दहा शब्द! आणि ज्याला इंग्रजी कमी येतं त्याला लांब शब्दाचं आकर्षण जास्त असतं. फळ्यावर 'बिग' लिहून त्याच्याखाली मी अकरा शब्द उतरवून काढत असे. मुलं डोळे विस्फारून बघायची. मलाही बरं वाटायचं.

१९७९ साली नववीत एक मुलगा होता. हुशार, गणितात तर विशेषच. वडील वारलेले, आई शेतमजुरी करायची आणि त्यावर तीन मुलं वाढवायची. जिल्ह्याच्या गावी एक ट्रस्ट होता, तो गरीब मुलांना दरवर्षी काही शिष्यवृत्त्या देई. अर्जासोबत वर्गशिक्षकाचं पत्र लागायचं आणि ते इंग्रजीत हवं, कारण समितीवर शहरातले मोठे लोक. मी तीन रात्री जागून पत्र लिहिलं. त्यात मुलाच्या आईबद्दल एक वाक्य घातलं. ही बाई किती काटकसरीने संसार करते, एक पैसा वाया घालवत नाही, असं मला म्हणायचं होतं. 'थ्रिफ्टी' हा शब्द मला ठाऊक होता. पण तो फार किरकोळ वाटला. थिसॉरस उघडला. थ्रिफ्टीपुढे रांग होती: इकॉनॉमिकल, फ्रूगल, सेव्हिंग, स्पेअरिंग आणि सगळ्यांत शेवटी, सगळ्यांत भारदस्त, पार्सिमोनिअस. मी तोच उचलला.

पंधरा दिवसांनी मुलाखतीला मुलाला घेऊन गेलो. समितीत एक वयस्कर वकील होते. मुलाला बाहेर पाठवून त्यांनी मला थांबवून घेतलं. पत्रावर बोट ठेवून अगदी हळू आवाजात म्हणाले, "गुरुजी, मुलाची आई कवडीचुंबक आहे असं तुम्ही लिहिलंय. ते तुम्हाला खरंच कळवायचंय का आम्हाला?"

मला आधी कळेचना. मग कळलं. कानशिलं तापली ती आजही आठवतात. मी काहीतरी बोललो, त्यांनी मान डोलावली, आणि आम्ही बाहेर आलो. त्या मुलाला शिष्यवृत्ती मिळाली नाही. जागा थोड्या होत्या आणि अर्ज पुष्कळ, असं पत्र आलं. माझ्या शब्दामुळे गेली असं म्हणता येणार नाही, आणि नाही गेली असंही मला छातीठोकपणे म्हणता येत नाही.

निकाल कळल्यावर चार दिवसांनी ती बाई शाळेत आली. हातात फडक्यात बांधलेल्या भुईमुगाच्या शेंगा. "गुरुजी, पोराला नाही मिळालं ते ऱ्हाऊ द्या. तुम्ही एवढं इंग्रजीत चांगलं लिहिलंत म्हणं आमच्याबद्दल." मी शेंगा घेतल्या. दुसरं काय करणार होतो?

मग मी थिसॉरस माळ्यावर टाकला. रोगेट नावाच्या कोणा साहेबाने आपल्याला फसवलं, अशी माझी पक्की समजूत झाली होती, आणि ती पुढची वीस-बावीस वर्षं टिकली. निवृत्तीच्या सुमाराला घरात कॉम्प्युटर आला, इंटरनेट आलं, आणि रोझे यांच्या कोशाच्या जुन्या आवृत्त्या फुकट वाचायला मिळू लागल्या. म्हटलं, बघू तरी हा माणूस कोण होता. आणि मग कळलं की आपण भांडत होतो ते चुकीच्या माणसाशी.

पीटर मार्क रोझे. जन्म १८ जानेवारी १७७९, लंडन. वडील जिनिव्हाहून आलेले फ्रेंच प्रॉटेस्टंट पाद्री. मुलगा चार वर्षांचा असताना ते क्षयाने गेले. आई मुलांना घेऊन सतत गावं बदलत राहिली आणि तिची मनःस्थिती पुढे पुढे बिघडत गेली. मुलाला आठव्या वर्षापासून याद्या करायचा नाद लागला. वहीत मथळे घालून शब्दांचे गट पाडत बसायचा. जोशुआ केंडल या लेखकाने २००८ साली त्याचं चरित्र लिहिलं, त्यात म्हटलंय की घरातल्या वेडाच्या आणि दुःखाच्या सावलीत याद्या हाच या माणसाचा आसरा होता. मला चरित्रकारांची ही खोड फारशी आवडत नाही, प्रत्येक गोष्टीला लहानपणीचं कारण चिकटवण्याची. पण पुढचं वाचल्यावर मीही जरा गप्प झालो.

चौदाव्या वर्षी एडिंबरा विद्यापीठात, एकोणिसाव्या वर्षी एम.डी. मग ब्रिस्टलला डॉक्टर बेडोज यांच्या संस्थेत, जिथे तरुण हम्फ्री डेव्ही हास्यवायूचे प्रयोग करत होता. रोझेने स्वतः तो वायू हुंगून पाहिला. १८०२ साली मँचेस्टरच्या एका गिरणीमालकाच्या दोन मुलांना युरोप दाखवायला घेऊन गेला. मे १८०३ मध्ये लढाई पुन्हा पेटली आणि नेपोलियनने फ्रान्सच्या अमलाखालच्या मुलखातल्या इंग्रजांना अटक करायचा हुकूम सोडला. हे तिघे तेव्हा जिनिव्हात, आणि जिनिव्हा फ्रान्सच्या ताब्यात. रोझेने काय केलं? माझे वडील इथले, सबब मी इथलाच नागरिक, असं कागदोपत्री सिद्ध केलं आणि पोरांना घेऊन निसटला. याद्या करणाऱ्या माणसाकडून मला एवढ्या हिमतीची अपेक्षा नव्हती.

परत येऊन मँचेस्टरच्या इस्पितळात नोकरी, आणि तिथेच १८०५ साली त्याने शब्दांची पहिली वर्गवार यादी पुरी केली. छापण्यासाठी नव्हे. आपल्याला लिहिताना, व्याख्यान देताना शब्द सुचत नाही, म्हणून स्वतःच्या उपयोगासाठी. ती वही पुढे सत्तेचाळीस वर्षं त्याच्या टेबलावर होती.

मधल्या काळात या माणसाने काय केलं नाही ते विचारा. गुणाकार-भागाकाराच्या पट्टीत सुधारणा करून घातांक काढायची सोय केली, आणि १८१५ मध्ये रॉयल सोसायटीचा सभासद झाला. फिरत्या चाकाच्या आऱ्या फटींतून पाहिल्या तर वाकड्या का दिसतात यावर १८२४ मध्ये निबंध वाचला; सिनेमाचा इतिहास सांगणारे अजूनही त्याचं नाव घेतात. लंडनच्या पाणीपुरवठ्याची चौकशी करणाऱ्या समितीवर काम केलं. १८२७ ते १८४८ अशी एकवीस वर्षं रॉयल सोसायटीचा चिटणीस होता. आणि घरी? १८१८ मध्ये त्याचे मामा सर सॅम्युएल रोमिली, फाशीची शिक्षा कमी व्हावी म्हणून पार्लमेंटात झगडलेले नामांकित वकील, पत्नी वारल्यावर चार दिवसांत स्वतःचा गळा चिरून घेऊन गेले. त्यांच्यावर देखरेख करायला डॉक्टर म्हणून भाचाच होता. वडील गेल्यावर ज्यांनी आधार दिला ते हे मामा. १८३३ मध्ये बायको कर्करोगाने गेली. हे वाचल्यावर, याद्या हा आसरा होता की नव्हता, हा वाद मी सोडून दिला.

चिटणीसपद सुटल्यावर, सत्तरीच्या घरात, त्याने ती जुनी वही बाहेर काढली. चार वर्षं खपून १८५२ साली लाँगमन यांच्याकडून थिसॉरस छापला. तेव्हा लेखकाचं वय त्र्याहत्तर! (मी त्याहून दोन वर्षांनी मोठा आहे आणि आठवड्याला एक लेख लिहिताना दमतो. असो.) पहिली आवृत्ती हजार प्रतींची आणि सुमारे पंधरा हजार शब्दांची. नव्वदाव्या वर्षी, १८६९ मध्ये, तो गेला, तोवर पंचवीसहून अधिक वेळा पुस्तक पुन्हा छापलं गेलं होतं आणि शेवटपर्यंत तो त्यात शब्द भरत होता. पुढे मुलाने आणि नंतर नातवाने ते काम चालवलं. एका कुटुंबात तीन पिढ्या एकच कोश, हे आपल्याकडच्या वैद्यांच्या किंवा जोशांच्या घराण्यासारखं वाटतं.

आता गंमत पाहा. थिसॉरस या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ खजिना, भांडार. आणि आपल्या 'कोश' शब्दाचा अर्थही खजिनाच. आणि एवढ्यावरच हा संबंध थांबत नाही. रोझे यांच्या प्रस्तावनेत एक तळटीप आहे. आपल्याआधी अर्थानुसार शब्दांची वर्गवारी कोणी केली याची चौकशी करताना ते सर्वांत पहिलं नाव घेतात ते आपल्या अमरसिंहाचं! कोलब्रुक यांनी इंग्रजी अर्थासह केलेली अमरकोशाची प्रत १८०८ मध्ये श्रीरामपूरला छापली होती, ती त्यांनी पाहिली होती. ते वाचताना मी खुर्चीत सरळ होऊन बसलो. आमचे आजोबा पहाटे अमरकोश म्हणून घ्यायचे. मला स्वर्गवर्ग अजून निम्मा पाठ आहे.

मात्र रोझेसाहेबांनी अमरसिंहाला पुरते गुण दिलेले नाहीत. समुद्र, भूमी, नगरं, वनस्पती, प्राणी यांचे वर्ग ठीक आहेत, इतक्या जुन्या काळी एवढं पृथक्करण म्हणजे कौतुकच, असं ते म्हणतात; पण अमूर्त कल्पनांची वर्गवारी अगदी गोंधळाची. पुरावा म्हणून सांगतात की पहिल्याच वर्गात स्वर्ग, देव, दैत्य, अग्नी, वायू यांच्या जोडीला वेग, सातत्य आणि पुष्कळ हे शब्द कसे काय? पाठांतर केलेल्या माणसाला याचं उत्तर लगेच देता येईल. देवांची नावं सांगता सांगता वायू येतो. वायू आला की वेग आला, वेगामागून शीघ्र, शीघ्रामागून सतत, सततमागून अतिशय, आणि मग पुढच्या देवाकडे, कुबेराकडे. ही शब्दांची साखळी आहे, एक ओढली की पुढची येते. अमरसिंहाला सुमारे दीड हजार श्लोकांत नामं आणि त्यांची लिंगं पोरांच्या तोंडी बसवायची होती. रोझेला टेबलावर बसून लिहिणाऱ्या माणसाला हवा तो शब्द काढून द्यायचा होता. एकाचा कोश जिभेवर, दुसऱ्याचा कपाटात. दोघांना एकाच मापाने मोजून कसं चालेल? (शिवाजी महाराजांच्या आज्ञेने झालेला, रघुनाथपंतांच्या नावावरचा राज्यव्यवहारकोशही असाच श्लोकबद्ध आणि वर्गवार आहे, फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा. त्यावर कधीतरी स्वतंत्र लिहीन.)

रोझेची रचना कशी, ते पाहू. जगातल्या सगळ्या कल्पनांचे सहा विभाग: अमूर्त संबंध, अवकाश, जडद्रव्य, बुद्धी, इच्छाशक्ती आणि भावना. त्यांत एक हजार क्रमांक. क्रमांक १ अस्तित्व, क्रमांक २ अनस्तित्व, अशी सुरुवात करून क्रमांक १००० ला मंदिर. विरुद्ध कल्पना शेजारशेजारच्या दोन रकान्यांत समोरासमोर. म्हणजे समानार्थी आणि विरुद्धार्थी हे परीक्षेत आपण दोन निरनिराळे प्रश्न करून टाकले, ते इथे एकाच पानावर नांदतात. आणि विरुद्धार्थी एकच असतो हा आपला शाळेतला समजही तिथे टिकत नाही. मराठीत 'कच्चा'चा विरुद्धार्थी सांगा. आंबा असेल तर पिकलेला, भात असेल तर शिजलेला, घर असेल तर पक्कं, रस्ता असेल तर डांबरी! मी तीस वर्षं उत्तरपत्रिकांत 'पक्का' एवढंच बरोबर धरलं. किती पोरांचा अर्धा-अर्धा गुण खाल्ला असेल कोण जाणे.

पण एक गोष्ट रोझेने जाणूनबुजून केली नाही. कुठल्याच शब्दाचा अर्थ दिला नाही, दोन शब्दांतला फरक सांगितला नाही. ते काम त्याच्याआधी दुसऱ्यांनी केलं होतं. हेस्टर पिओझी या बाईंनी १७९४ मध्ये, जॉर्ज क्रॅब यांनी १८१६ मध्ये. क्रॅब तर प्रत्येक जोडीवर छोटं प्रवचनच देतात. रोझेने गृहीत धरलं होतं की वाचकाला हे शब्द माहीत आहेत, फक्त आठवत नाहीत. म्हणजे पुस्तक होतं इंग्रजी येणाऱ्या माणसासाठी, आणि मी ते वापरत होतो इंग्रजी शिकण्यासाठी.

इंग्रजीत तर ही अडचण मोठीच आहे. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, त्यामुळे घरच्या जुन्या शब्दांवर फ्रेंच शब्दांचा थर बसला, आणि पुढे विद्वानांनी लॅटिनचा तिसरा थर दिला. राजाला साजेसं म्हणायचं तर किंगली, रॉयल, रीगल असे तीन शब्द तयार. आपल्याकडेही तेच झालंय: विनंती आहे, प्रार्थना आहे, आणि अरबी-फारसीतून आलेला अर्ज आहे. पण तलाठ्याकडे प्रार्थना आणि देवाकडे अर्ज कोणी करत नाही. माणूस मेला, वारला, निवर्तला, खपला, गचकला. पाचही शब्दांचा अर्थ एकच, पण शेजारच्या घरी जाऊन "तुमचे वडील कधी गचकले?" असं विचारून पाहा! नवरा, पती, यजमान, दादला, मालक, आमचे हे. यातला कोणता शब्द कुठे हे कोणत्याही कोशाने आपल्याला शिकवलं नाही. ऐकून ऐकून आलं. इंग्रजी ऐकायला मला माझ्या गावात होतंच कोण?

आता मूळ मुद्दा. त्या जुन्या, क्रमांकवार आवृत्तीत मी माझा शब्द शोधला. क्रमांक ८१७, काटकसर. तिथे थ्रिफ्टी, फ्रूगल आणि त्यांची भावंडं. समोर क्रमांक ८१८, उधळपट्टी. आणि पार्सिमनी? तिला वेगळं घर, क्रमांक ८१९, आणि तिथले शेजारी म्हणजे कंजूष, कद्रू, चिक्कू मंडळी. ८१७ मध्ये पार्सिमोनिअस हा शब्द येतो तो फक्त निर्देशापुरता, की हा पाहिजे असेल तर पुढे ८१९ पाहा. उधळपट्टीला दोन बाजूंनी दोन विरुद्धार्थी, आणि मधली भिंत डॉक्टरांनी स्वतः बांधलेली. मी अडीच रुपयांना घेतलेल्या पुस्तकात कोणीतरी क्रमांक काढून, सगळं अकारविल्हे लावून, भिंती पाडून सगळ्यांना एका रांगेत उभं केलं होतं. शब्द झटकन सापडावा म्हणून. सोय तर झाली होती.

मी ते पान छापून घेतलं आणि बराच वेळ बघत बसलो.

भाचीच्या मुलीसाठी एवढं सांगतो की जीआरई परीक्षेत पूर्वी नुसते विरुद्धार्थी शब्द विचारायचे, ते ऑगस्ट २०११ पासून बंद झालेत. आता वाक्य देतात. एका प्रकारात सहा शब्दांतून असे दोन निवडायचे की कोणताही घातला तरी वाक्याचा अर्थ तोच राहील. तेव्हा तीस शब्दांच्या याद्यांपेक्षा रोज दोन पानं चांगलं इंग्रजी वाच आणि आवडलेलं वाक्य अख्खं उतरवून घे. शब्द एकटा उतरवू नकोस. लुईस यांचं पुस्तक मात्र जरूर वाच, त्यात अर्थ आणि मूळ दोन्ही समजावून सांगितलंय.

तो मुलगा दोन वर्षांपूर्वी एका लग्नात भेटला. मुलगा कसला, साठीचा झालाय. आय.टी.आय. करून कारखान्यात लागला होता, आता निवृत्त आहे. आई जाऊन बरीच वर्षं झाली. जेवणं झाल्यावर मांडवाच्या कडेला खुर्च्या टाकून बसलो, तेव्हा मी त्याला त्या पत्राचं सगळं सांगितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तो आधी काही बोलला नाही. मग हसायला लागला.

"सर, आई चिक्कूच होती हो. तुम्हाला दिलेल्या शेंगासुद्धा तिने मोजून बांधल्या होत्या."

थोड्या वेळाने म्हणाला, "पण आमच्यासाठी मोजायची."

तर पोरी, लुईसचं पुस्तक आणि रोझेची छापून घेतलेली पानं कुरिअरने पाठवली आहेत. ८१७ वर पेन्सिलीची खूण आहे. मिळाल्यावर फोन कर.